ट्रेमधले पाच पेजर

सोमवार, २ नोव्हेंबर

आजपासून मी सुपरवायझर. एकतीस वर्षं प्रायोरच्या कारखान्यात हॅडक माशांचे काटे काढले, आता काटे काढणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. निळा कोट गेला, पांढरा आला. ही वही ग्रॅहमने दिली. तो नवा मॅनेजर. उन्हाळ्यात म्हाताऱ्या मिस्टर प्रायोरनी कारखाना लीड्सच्या कंपनीला विकला आणि कंपनीने याला पाठवला. म्हणाला, "लॉर्ना, जबाबदारीच्या माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात. डोकं स्वच्छ राहतं." माझं डोकं काही घाण नव्हतं, पण वही चांगली जाड आहे.

सकाळी त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. "मला सर वगैरे नको, ग्रॅहम म्हणा. इथे कुणी कुणासाठी काम करत नाही. आपण एकमेकांबरोबर काम करतो. नोकर-मालक हे शब्दच मला आवडत नाहीत. आपण एक कुटुंब आहोत."

मागून माझा नवरा क्लाइव्ह म्हणाला, "मग उद्या मी जरा उशिरा उठलो तर चालेल ना, ग्रॅहम?"

सगळे हसले. ग्रॅहम सगळ्यांत जास्त हसला. मग मला क्लाइव्हचं नाव, आडनाव विचारून लिहून घेतलं. लक्षात राहावं म्हणून असेल.

क्लाइव्ह मासे धुरावण्याच्या भट्ट्यांवर असतो. म्हणजे आता मी त्याचीही साहेब. दिवसभर मला "मालकीणबाई" म्हणत होता. घरी आल्यावर म्हणाला, "मालकीणबाई, बटाटे सोला." मी सोलले.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

पावणेतीनला लाइफबोटीचे पेजर वाजले. पाचच्या पाच एकदम. क्लाइव्ह भट्टीवरून, कापणीच्या लाइनवरून जोडी नावाची पोरगी आणि नॉर्मन, पॅकिंगमधले दोघे भाऊ. सुऱ्या टाकल्या, ॲप्रन जमिनीवर, आणि गेले. दारापासून बोटघर दोनशे पावलं.

गावात कुणालाही विचारा काय करतोस, तर सांगेल, "बोटीवर आहे." लाइफबोटीतून, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना काढायला जाणाऱ्या गावाच्या बोटीतून, एक पेनी मिळत नाही, उलट ओले कपडे मिळतात. पगार जिथे मिळतो त्याबद्दल म्हणणार, "प्रायोरकडे जातो." पोस्टात जावं तसं. बोटीवर एकवीस नावं आहेत, पण दिवसाढवळ्या गावात असणारी सात. त्यातली पाच आमच्या कारखान्यात, आणि पाचाहून कमी माणसांनी बोट काढत नाहीत. क्लाइव्ह बोटीचा तांडेल, तो म्हणेल तसं. पूर्वी धक्क्यावर बार उडायचा, अख्ख्या गावाला कळायचं. आता ज्याच्या कमरेला पेजर त्यालाच कळतं.

मिस्टर प्रायोर असते तर दार धरून उभे राहिले असते. मग बाह्या वर करून जोडीच्या जागी मासे कापायला बसले असते. फार वाईट कापायचे.

ग्रॅहम ऑफिसातून धावत आला. "आग लागली का?" मी सांगितलं. तो म्हणाला, "वा! किती वेळात येतील?" मला हसू आलं. ते पाचला आले. एक रिकामी रबरी होडी वाहत गेली होती, तिच्यात कुणीच नव्हतं. तोवर लॉरी चाळीस खोकी कमी घेऊन निघून गेली होती.

ग्रॅहम चिडला नाही. मला आत बोलावून चहा दिला. "फार मोठं काम करतात ही मंडळी, मला खरंच अभिमान वाटतो. मी आपला नुसता मोठ्याने विचार करतोय हं, पण थोडी वेगळी पद्धत बसवता येईल का? तू बघ. गाव तुझं आहे, तुलाच कळणार."

मला फार बरं वाटलं. एकतीस वर्षांत "तू विचार कर" असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

सुचलं! आमचे मासे घेणाऱ्या सुपरमार्केटच्या नियमांच्या यादीत लिहिलेलंच आहे: उघडे मासे असतील तिथे अंगठी, फोन, पेजर काही नको. तेव्हा पेजर माझ्या ऑफिसात राहतील. पाच कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे आणला, चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. वाजले की मी लाइनवर जाऊन सांगणार. शिवाय निघण्याआधी कोण कुठलं काम अर्धं टाकतंय ते मला कळेल, म्हणजे दुसरं माणूस लगेच उभं करता येईल. नियमही पाळला, बोटही सुटली.

ग्रॅहम म्हणाला, "उत्तम. ही कल्पना पूर्णपणे तुझी आहे असंच मी लीड्सला कळवतो." कळवलंही. मला प्रत दाखवली, माझं नाव तीनदा आहे.

क्लाइव्हला जेवताना सांगितलं. तो काटा खाली ठेवून म्हणाला, "कमरेवरून काढला की तो पेजर राहत नाही, घड्याळ होतं."

"मी आहे ना तिथे."

"आणि तू नसलीस तर?"

"असेन."

"मुतायला गेलीस तर?"

"जाणार नाही."

यावर दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "त्याने मागितला असता तर दिला नसता. तू मागतेस म्हणून देतो. बाकीच्यांनाही सांगतो."

मंगळवार, १७ नोव्हेंबर

ट्रेची पहिली परीक्षा. पेजर वाजले तेव्हा मी लीड्सशी फोनवर होते, खोक्यांचे आकडे सांगत होते. वाक्य पुरं केलं, फोन ठेवला, धावले. सगळे सुटले. दोन पोरं भरतीत वाळूच्या उंचवट्यावर अडकली होती, बोट पोचेपर्यंत तीच गुडघाभर पाण्यातून चालत बाहेर आली. मी पाचांच्या जागा भरल्या, लॉरीत एकही खोकं कमी गेलं नाही.

घरी क्लाइव्ह म्हणाला, "साडेतीन मिनिटं."

"काय साडेतीन मिनिटं?"

"नेहमीपेक्षा जास्त."

"मी लगेच आले."

"तुझं लगेच किती मिनिटांचं असतं?"

त्याला घड्याळ लावून बोलायची खोडच आहे. मी सरळ झोपायला गेले.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट. जोडी खाली वाकली तेव्हा तिच्या गमबुटात काहीतरी चमकलं. पेजर! ट्रेच्या कप्प्यात तिने काय ठेवलं होतं पाहिलं, तर जुना, बंद पडलेला. म्हणजे त्या साडेतीन मिनिटांनंतर आठवडाभर ही पोरगी मला फसवत होती. तेवीस वर्षांची आहे, लाइनवर तिच्यासारखी सुरी कुणाची चालत नाही, मीच शिकवलंय तिला.

तिला ऑफिसात घेतलं आणि लेखी ताकीद दिली. ग्रॅहम म्हणाला होता, काय करायचं ते तू ठरव, पण सुपरमार्केटवाल्यांच्या कानावर गेलं तर अवघड होईल. मग मी काय ठरवणार?

मी म्हणाले, "जोडी, आम्हाला सगळ्यांना सारखाच नियम लावावा लागतो."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"कारखान्याला."

"असं होय. मला वाटलं, तुला आणि क्लाइव्हला."

सही करताना तिने पेन कागदात इतकं दाबलं की टेबलावर अक्षरं उमटली. दुसरी ताकीद मिळाली तर नोकरी जाईल, हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कळतं मला वाचायला."

क्लाइव्हला हे आधीच माहीत होतं, हे मला संध्याकाळी कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बायकोपासून लपवतोस? तो म्हणाला, "बायकोपासून नाही. सुपरवायझरपासून." हल्ली कॅन्टीनमध्ये तो भट्टीवाल्यांच्या टेबलावर बसतो. मी ग्रॅहमबरोबर जेवते. तो डब्यातून पालापाचोळा आणतो आणि त्यालाच जेवण म्हणतो. एकटा माणूस आहे, बायको-मुलं लीड्सला. कुणीतरी बसायला हवंच.

शुक्रवार, ४ डिसेंबर

मंगळवारी सुपरमार्केटची माणसं तपासणीला येणार. नाताळच्या ऑर्डरीचं नाही, पुढच्या दोन वर्षांचं त्या दिवशी ठरणार. ग्रॅहमने दार लावून मला सांगितलं की ही ऑर्डर गेली तर लीड्सवाले आमचा कारखाना ठेवतील असं त्याला वाटत नाही. बासष्ट माणसं. मी सगळ्यांना नावानिशी ओळखते, त्यांच्या पोरांनाही.

मी विचारलं, "आणि नेमके तेव्हाच पेजर वाजले तर?"

तो खुर्चीत मागे टेकला. "कुणालाही थांबवायचं नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तू असं कर, तसं कर, असं मी तुला कधीच सांगणार नाही, लॉर्ना. फक्त ते दोन तास नाजूक आहेत. तुझ्या अकलेवर माझा पूर्ण विश्वास आहे."

एवढा विश्वास मिस्टर प्रायोरनीही टाकला नव्हता. ते सरळ ओरडायचे.

क्लाइव्हला सांगितलं, मंगळवारी जरा सांभाळून. तो म्हणाला, "मंगळवारी वारा ईशान्येचा आहे, समुद्र खवळेल."

"मग?"

"वाजला तर सोडणार ना?"

"सोडणार."

"लगेच?"

"अरे, सोडणार म्हटलं ना! किती वेळा विचारशील?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय. इकडे हा, तिकडे बासष्ट माणसं.

सोमवार, ७ डिसेंबर

सगळ्या भिंती धुतल्या. ट्रेसुद्धा धुतला.

मंगळवार, ८ डिसेंबर

दुपारचे चार. बोट अजून आलेली नाही. सगळ्यांना घरी सोडलंय, मी ऑफिसात एकटी आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर घोटाळा नको.

अकरा वाजून दहा मिनिटं. पाहुणे तिघे, दोन बायका आणि एक पुरुष, माझ्या ऑफिसच्या दारात उभे होते. त्यांची मुख्य बाई माझी तापमानाची वही चाळत होती. ट्रेमधले पाचही पेजर एकदम वाजले.

बाई म्हणाली, "हे काय?"

ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही, हसला फक्त.

मी म्हणाले, "अलार्मची चाचणी आहे. दर मंगळवारी असते."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मी ट्रेवर टॉवेल टाकला आणि ऑफिसचं दार ओढून घेतलं. ग्रॅहम म्हणाला, "चला, कोल्ड रूम बघू या."

माझा विचार असा होता की कोल्ड रूमपर्यंत एक मिनिट, त्यांना आत सोडायचं आणि लाइनवर धावायचं. पण बाईने बर्फाबद्दल विचारलं, मग पाण्याबद्दल, मग गटारांच्या जाळ्यांबद्दल. प्रत्येक वेळी ग्रॅहम म्हणायचा, "हे लॉर्नाच चांगलं सांगेल." आणि मी सांगत होते, चांगलंच सांगत होते. माझ्या ऑफिसातला फोन वाजलेला ऐकू आला. थांबला, पुन्हा वाजला. मी मनात म्हणत होते, मागे रिकामी होडी निघाली, नंतर ती पोरं चालत आली. दहात आठ वेळा काहीच नसतं.

अकरा एकोणीसला मी निघालेच होते, तेवढ्यात एर्नी लाइनवर आला. एर्नी बहात्तर वर्षांचा आहे, बोट पाण्यात ढकलायचा ट्रॅक्टर चालवतो. बोटघरात दोनच माणसं जमली आणि कारखान्यातलं कुणी येईना, फोनही कुणी उचलेना, म्हणून तो स्वतः धावत आला होता. रिसेप्शनवरच्या नव्या मुलीने त्याला पाहुण्यांच्या वहीत नाव, वेळ, भेटीचं कारण लिहायला लावलं आणि डोक्याला जाळी दिली. तपासणीच्या दिवशी कुणालाही वहीशिवाय आत सोडायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. एर्नीने निमूटपणे सगळं केलं. आमच्या गावात काउंटरवर मुलगी पेन पुढे करते तेव्हा माणूस सही करतो. मी नंतर वही पाहिली. भेटीचं कारण: बोट.

तो जाळी घालून लाइनच्या मध्यभागी उभा राहिला आणि ओरडला, "अरे, तुम्ही मेलात का सगळे? उलटलीय होडी! माणसं पाण्यात आहेत!"

सगळे धावले. जोडी माझ्या अंगावरूनच गेली. "किती वेळ झाला वाजून?"

मी म्हणाले, "आत्ताच."

क्लाइव्हने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेला.

तपासणीवाली बाई कोल्ड रूमच्या दारातून बघत होती. म्हणाली, "लाइफबोट का? अहो, माझा भाऊ बोटीवर आहे, डेव्हनला. आम्हाला सांगायचं नाही का? कडेला उभे राहिलो असतो." ग्रॅहम म्हणाला, "इथे सगळं फार आपोआप होतं, बघा." तपासणीत पास झालो. जाताना त्याने माझा हात दाबला.

आता अंधार पडलाय. धक्क्यावर जायला हवं. अजून खुर्चीतच आहे.

बुधवार, ९ डिसेंबर

एडविन गेला.

वीस वर्षं तो आम्हाला हॅडक द्यायचा. काल आपल्या जावयाला, लायलला, घेऊन शेवंडांचे पिंजरे उचलायला गेला होता. पिंजऱ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला, होडी आडवी झाली, लाटेने उलटली. लायल उलट्या होडीवर चढला, एडविनला चढता आलं नाही. तो कड धरून होता. लायल वाचला.

क्लाइव्हने आज सकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं. "लायल बोटीत आल्यावर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, सासरे पाच मिनिटांपूर्वीपर्यंत बोलत होते. घरी गेल्यावर छपराचं काम काढू म्हणत होते."

मी टेबल पुसत राहिले.

"बोटघराच्या वहीत मी वेळा लिहिल्यात. पेजर अकरा दहा. माणसं पोचली अकरा बावीस. कारणाचा रकाना रिकामा ठेवलाय."

"क्लाइव्ह, मी निघालेच होते—"

"तो रकाना तुझा आहे. तू भर." एवढं म्हणून तो मागच्या खोलीत गेला. कालपासून तिथेच झोपतो.

शुक्रवार, ११ डिसेंबर

लाइफबोटीच्या मुख्य ऑफिसातून एक गृहस्थ आलेत, उशीर का झाला ते विचारायला. प्रत्येकाशी वेगळं बोलणार. माझी पाळी पुढच्या आठवड्यात.

ग्रॅहम फार चांगला वागला. म्हणाला, आठवडाभर घरी राहा, पगार चालू राहील. मग त्याने कंपनीकडून त्या गृहस्थांना द्यायचं पत्र मला वाचायला दिलं. त्यात लिहिलंय की कर्मचाऱ्यांना थांबवा अशी सूचना व्यवस्थापनाने कधीच, कुणालाही, तोंडी वा लेखी दिलेली नाही. पेजर ठेवण्याची पद्धत सुपरवायझरने स्वतः सुचवली आणि स्वतः चालवली.

त्याने विचारलं, "यात काही खोटं आहे का, लॉर्ना? असेल तर आत्ताच बदलू."

मी दोनदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं. खरंच त्याने मला काही सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. मी खाली सही केली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, तुझ्यासारखी प्रामाणिक माणसं हल्ली मिळत नाहीत.

बाहेर आले तर नॉर्मन सायकलला कुलूप लावत होता. विचारलं, "काय सही केलीस?" मी सांगितलं. तो बराच वेळ सायकलचं कुलूपच खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "अगं बाई, तुझ्याच हातून तुझ्या फासाचा दोर वळून घेतला की त्याने." नॉर्मनला मॅनेजर लोकांबद्दल पहिल्यापासून आकस आहे.

बुधवार, १६ डिसेंबर

एडविनचं दफन झालं. चर्च भरून लोक बाहेर रस्त्यावर. बोटीची माणसं निळ्या जर्सीत, क्लाइव्ह पुढे, जोडी शवपेटीच्या डाव्या अंगाला. मी मागच्या बाकावर बसले, माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. कारखान्याचं पुष्पचक्र सगळ्यांत मोठं होतं. पट्टीवर "तुमच्या कुटुंबाकडून". मी प्रार्थना संपायच्या आधी बाहेर आले.

शुक्रवार, १८ डिसेंबर

त्या गृहस्थांसमोर आज अर्धा तास बसले. सभ्य माणूस. चष्मा पुसत पुसत विचारत होता. मी सांगितलं, पाहुणे होते, गडबड झाली, मी निघालेच होते. त्याने लिहून घेतलं. "निघालेच होता म्हणजे कुठवर पोचला होता?" मी म्हटलं, कोल्ड रूमच्या दारापर्यंत. तेही त्याने लिहून घेतलं.

नंतर कॅन्टीनमध्ये गेले. फळ्यावर नवं कार्ड लावलेलं. पुढे चिमणीचं चित्र, आत ऑड्रीचं अक्षर. ऑड्री म्हणजे एडविनची बायको. लिहिलंय: "कामावरून तुमची माणसं लगेच सोडलीत, म्हणून निदान आमचा लायल परत आला. हे उपकार आम्ही विसरणार नाही. लॉर्नाला खास सांगा." ग्रॅहमने त्याला चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्यात. बोटीच्या पाचांपैकी कुणी त्या फळ्याखाली बसत नाही.

मी कार्ड काढून खिशात घातलं. मग परत लावलं. ते माझ्या नावाने असलं तरी कारखान्याला आलेलं होतं.

शनिवार, १९ डिसेंबर

सकाळी ऑड्रीकडे गेले. क्लाइव्हला सांगितलं, ऑड्रीकडे चाललेय. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "स्कार्फ घाल, गार आहे." दहा दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलंच.

ऑड्रीने दार उघडलं आणि मला मिठीच मारली. माझे हात बाजूलाच लोंबत राहिले. आत नेलं, चहा टाकला, टेबलावर लोकांनी आणून दिलेले सहा केक होते. म्हणाली, "खा गं, एकटी मी किती खाणार?" लायल वरती झोपला होता. रात्री झोपत नाही म्हणाली, दिवसा झोपतो.

मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "ऑड्री, कार्डावर लिहिलंस ते खरं नाही. माणसं लगेच सोडली नाहीत."

"म्हणजे?"

"पेजर अकरा दहाला वाजले. माझ्या समोर. पाचही. मी त्यांच्यावर टॉवेल टाकला. पाहुण्यांना खोटं सांगितलं की चाचणी आहे. नऊ मिनिटांनी एर्नी आला, म्हणून सुटली."

ती चहाची किटली हातात धरून उभी होती. "पण तू सांगायला निघाली असशील ना? क्लाइव्ह तर काही बोलला नाही... सगळे म्हणतात तू निघालीच होतीस."

"सगळ्यांना मीच तसं सांगितलंय. काल त्या चष्मेवाल्यालाही सांगितलं. मी निघाले नव्हते. त्या बाईने गटाराच्या जाळ्यांबद्दल विचारलं होतं आणि मी तिला उत्तर देत होते. एर्नी आला नसता तर अजून देत राहिले असते."

ऑड्रीने किटली खाली ठेवली. तिच्या तोंडाकडे बघवेना, पण मी बघत राहिले. मनात म्हटलं, निदान इथे तरी मान खाली घालायची नाही.

ती म्हणाली, "नऊ मिनिटं."

"हो."

"लायल म्हणतो, पाच—"

"माहितीये मला."

"कुणी सांगितलं तुला थांबायला? त्या लीड्सवाल्याने?"

मी खूप आठवून पाहिलं. ते ऑफिस, तो चहा, ते हसणं. कुठेच एक वाक्य सापडेना, की हे तू मला सांगितलंस म्हणून त्याच्या अंगावर टाकता येईल. "नाही. त्याने काहीच सांगितलं नाही."

"मग कुणी?"

"कुणीच नाही."

ती समोरच्या खुर्चीत बसली. टेबलावरचे केकचे कण बोटाने एका जागी गोळा करायला लागली. आवाज अगदी साधा होता, दुकानात काहीतरी विचारावं तसा. "समुद्राचा राग करून काय उपयोग, तो एडविनच करायचा नाही. लायलचा मला करवत नाही. तू म्हणतेस त्या माणसाने काही सांगितलं नाही. मग मी राग करू तरी कुणाचा, लॉर्ना?"

मी म्हणाले, "माझा कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येत नाही, तिथे घड्याळ होतं पण मी पाहिलं नाही. मग ती उठली, किटली उचलली आणि माझ्या कपात चहा ओतला. दूध घातलं. कप माझ्यापुढे सरकवला.

"बरं," ती म्हणाली. "तो चहा पी आणि जा. पुन्हा येऊ नकोस."

मी चहा संपवला. कप धुऊन ठेवला. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती, मी गेल्याचं तिला दाराच्या आवाजावरून कळलं असेल.

तिथून सरळ बोटघरात गेले. तो चष्मेवाला गृहस्थ दुपारच्या गाडीने जाणार होता, सामान बांधत होता. मी म्हटलं, कालचं माझं एक वाक्य खोडायचंय.